साक्षीदाराबरोबर शिरूरला

दौंडहून शिरूरला जाणं म्हणजे काय मोठंसं, असं तुम्ही म्हणाल. एस.टी.त बसावं, काष्टीवरून धूळ खात जावं आणि दुपारचं जेवण शिरूरला घ्यावं. आम्हांला तीन दिवस लागले. मी, दाविद आप्पा, एक छत्री आणि औषधाची एक बाटली. परत आल्यापासून दौंडातला जो तो विचारतो, ‘मास्तर, नक्की काय झालं हो तिकडं?’ प्रत्येकाला वेगवेगळं सांगून माझा घसा बसला. म्हणून एकदाच लिहून टाकतो.

मी शाळामास्तर. स्वभावानं तिरसट, हे माझी बायको मार्था आणि माझा चौथीचा वर्ग दोघंही सांगतील. गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस एका पहाटे मी अंथरुणात उजव्या कुशीला वळलो आणि घराचं आढं पळायला लागलं. खरोखर पळायला. वासे एकामागून एक धावत होते आणि मी चादर दोन्ही मुठींत गच्च धरून मार्थाला हाका मारत होतो. अर्धा मिनिट गेलं असेल, मग सगळं जागच्या जागी आलं. त्यानंतर घेरी कधीही येऊ लागली. फळ्यावर वरच्या बाजूला वार लिहायला मान वर केली की फळाच तिरका व्हायचा. मग मी फळ्याच्या खालच्या अर्ध्यातच लिहू लागलो आणि मागची पोरं उभी राहून वाचू लागली. सायकल सोडली. एस.टी.त एकदा शेजारच्याच्या धोतरावर ओकलो, तेव्हा एस.टी.ही सोडली. घेरी अर्धा मिनिट असते हो, पण ती आत्ता येईल ही भीती दिवसभर उशाशी बसलेली असते. एका कंपाउंडरनं नाडी बघून अशक्तपणा ठरवला आणि टॉनिक दिलं. सकाळ-संध्याकाळ दोन चमचे, कडू-गोड, उग्र. दोन महिने मी ते नेमानं घेतलं.

आमची दौंडची ख्रिस्ती मंडळी लहान, पंधरा-वीस घरांची, बहुतेक रेल्वेतली. मंडळीत येणारा प्रत्येक माणूस दारूचा थेंब शिवणार नाही अशी शपथ घेतो. प्रभुभोजनाच्या वेळीसुद्धा आमच्याकडं द्राक्षांचा उकळलेला रस असतो, बोटभर उंचीच्या काचेच्या प्याल्यांतून. तर एका रविवारी देवळात, चर्चला आम्ही देऊळच म्हणतो, मी माझा प्याला तोंडाला लावला आणि पुढच्या क्षणी प्याल्यांच्या तबकासकट बाकावर आडवा झालो होतो. तबक फिरवत होते दाविद आप्पा. लोको शेडमधून फिटर म्हणून निवृत्त झालेले, सत्तरीचे, मंडळीचा कारभार पाहणाऱ्या ‘वडलां’पैकी सर्वांत जुने. त्यांनीच मला उचललं. उचलताना ते हळूच म्हणाले, “मास्तर, तोंडाला वास येतुया.” ते हळूच बोलले, पण देवळात इतकी शांतता होती की शेवटच्या बाकापर्यंत ऐकू गेलं.

दारूबंदीचे दिवस. मास्तर पितो असा कागद मंडळीतून बाहेर पडला असता तर शाळा गेलीच असती. आमची मंडळी शिरूरच्या देखरेखीखाली, तेव्हा पंचांची सभा शिरूरला ठरली: माझं नाव मंडळीच्या वहीत ठेवायचं की काढायचं. मी म्हणालो, मला आजार आहे, तिथल्या डॉक्टरीणबाईंना दाखवतो. दोन्ही मंडळ्या बघणाऱ्या पाळकसाहेबांनी पंचांशी बोलून ठरवलं, की ज्यांनी वास घेतला त्यांनीच मास्तरांबरोबर जावं, मास्तर जे खातील-पितील तेच खावं-प्यावं, आणि सभेत साक्ष द्यावी. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मार्था शांतपणे भाकऱ्या बांधत म्हणाली, “तुम्ही घेत नाही हे मला ठाऊक आहे. पण माझ्या ठाऊक असण्याला कोण विचारतंय? जा त्यांच्याबरोबर.”

सोमवार. भीमाकाठ

दौंडच्या बाजारात भाजी घालून परतणाऱ्या एका रिकाम्या बैलगाडीत आम्ही बसलो. नाताळ जवळ आला होता, हवेत चांगला गारठा होता. आप्पांनी लग्नातला काळा कोट घातला होता आणि मांडीवर पिशवीत बायबल. दोन तास ते माझ्याशी बोलले नाहीत, मीही त्यांच्याशी बोललो नाही. बैल तेवढे आपसांत बरे होते.

दुपारी बाभळीखाली भाकरी सोडली. जेवण झाल्यावर मी बाटली काढली, सकाळचा डोस निघायच्या गडबडीत राहिला होता.

“ते काय?” आप्पांनी विचारलं.

“औषध. पंचांनी सांगितलंय ना, मी जे घेईन ते तुम्ही घ्यायचं? घ्या.” मी चमचा भरून पुढं धरला. निव्वळ चिडून, दुसरं काही नाही.

त्यांनी बाटली नाकाशी नेली. बराच वेळ धरली. मग त्यांचा चेहरा सैल झाला. “आवो मास्तर, त्या दिशी ह्योच वास व्हता! औषध व्हय हे! मंग तवाच का सांगितलं न्हाई?”

“तुम्ही विचारलंत कुठं?”

त्यांनी दोन चमचे घेतले, तोंड वाकडं केलं आणि म्हणाले, “छातीत ऊब येती पर.” बाकीचा प्रवास ते थोडं मोकळं बोलू लागले. मला वाटलं, चला, निम्मी साक्ष झाली.

नदीवर आलो तर नाव वाळूत पालथी, डांबर लावायला काढलेली. तिच्या जागी गुऱ्हाळातली एक जुनी काहील होती. ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगतो: उसाचा रस आटवायची लोखंडी कढई, पण एवढी मोठी की तिच्यात चार माणसं मांडी घालून बसतात. तिला ना पुढची बाजू, ना मागची. वल्ह्याचा फटका बसला की ती आधी स्वतःभोवती फिरते आणि मग, मर्जी असेल तर, पुढं सरकते. माझ्या तोंडचं पाणी पळालं. स्थिर अंथरुणात ज्याला घेरी येते त्यानं ह्या चकरीत बसायचं?

काहीलवाला गेनू कोळी माझ्याकडं बघून समजला. “चक्कर येती व्हय? मंग पाण्याकडं बगू नगा. पल्याडचं त्ये उंबराचं झाड धरा. काहील फिरली की मान फिरवून परत झाड धरा. झाड सोडायचं न्हाई.”

मी झाड धरलं. डोळ्यांनी असं धरलं, की अजून सांगू शकेन त्याची कुठली फांदी वाळलेली होती. काहील फिरत होती, नदी फिरत होती, आणि प्रत्येक फेरीत मी मान वळवून पुन्हा त्या उंबरापाशी येत होतो. मळमळलं, घाम फुटला, पण घेरी आली नाही. आप्पांना कुणी सांगितलंच नव्हतं. ते बिचारे मोठ्या कौतुकानं पाण्यातली फेसाची वर्तुळं बघत बसले होते. पैलतीरी उतरले आणि वाळूत चार पावलं तिरकी टाकून गुडघ्यांवर बसले, कोटासकट. धुणं धुणाऱ्या बायांतली एक दुसरीला म्हणाली, “बघ गं, म्हातारा किती ढोसून आलाय. कोट बघ आन् थेरं बघ.”

खोटं कशाला बोलू, मला गुदगुल्या झाल्या. बरं झालं, असंच वाटलं. मग आप्पांचा चेहरा पाहिला. ते त्या बाईला काही म्हणाले नाहीत. काय म्हणणार? तोंड उघडून वास घे म्हणणार? त्यांनी वाळू झटकली आणि खाली मान घालून चालायला लागले, आणि मला माझीच लाज वाटली.

मांडवगण फराटा

गेनूनं ज्यांचं घर सांगितलं होतं त्या आबांकडं आम्ही रात्री ओसरीवर उतरलो. माळव्याची शेती, विहिरीला बारमाही पाणी. आबांनी नाव विचारलं, गाव विचारलं, मग अडखळत जात विचारली. “ख्रिस्ती,” आप्पा म्हणाले. आबा म्हणाले, “बरं बरं, बसा,” आणि जेवायला आत न नेता ओसरीवरच वाढलं. पण वाढलं मात्र हात राखून नाही. बाजरीची भाकरी, वांग्याचं भरीत, घेवड्याची भाजी आणि वर लोण्याचा गोळा. दौंडला रेल्वेच्या चाळीत आम्ही बाजारातून आणलेलं वांगं खातो. इथलं वांगं संध्याकाळपर्यंत झाडावर होतं, हे जिभेला कळत होतं. जेवून झाल्यावर आम्ही आमची ताटं धुतली आणि अंगणात पालथी घातली. आम्हांला कुणी सांगितलं नव्हतं. आमच्या लोकांना ते सांगावं लागत नाही.

सकाळी आबांच्या सुनेनं पाण्याचा तांब्या आणून ठेवला. परक्याचा तांब्या, तेव्हा ओठ न लावता वरून धार धरून पाणी प्यायचं. मी मान मागं टाकली, धार तोंडात धरली आणि आबांचं घर, गोठा, अंगणातली तुळस, सगळं एकाच बाजूला सांडायला लागलं. मी मातीत पडलो. कुणीतरी ओरडलं, “फिट आली, फिट! पायताण हुंगवा!” आणि कुणाची तरी शेणानं भरलेली चप्पल माझ्या नाकाशी आली. मला सगळं ऐकू येत होतं, सगळं कळत होतं. फक्त जमीन थांबत नव्हती.

ती चप्पल आप्पांनी दूर फेकली. “फिट न्हाई ती! सरका मागं!” त्यांनी माझं डोकं आपल्या मांडीवर घेतलं आणि जग थांबेपर्यंत घट्ट धरून ठेवलं. पाऊण मिनिटानं सगळं जागेवर आलं, तेव्हा वर त्यांचा चेहरा होता. ते म्हणाले, “मास्तर, म्या कालपासनं तुमच्यासंगं हाय. पाण्याबिगर तुम्ही काय प्याला न्हाईत. पानी आन् औषध. चुकलं माझं.”

सत्तर वर्षांचा माणूस माझ्यासारख्या तिरसटाची माफी मागत होता. मी रडलो. त्यांच्या कोटावरच रडलो.

न्हावऱ्याच्या वाटेवर

तिथून पुढचे दोन दिवस सुखाचे गेले. थोडं चाललो, थोडं कुणाच्या गाडीत बसलो. दोन्ही अंगांना ज्वारी निसवलेली, मध्ये करडईच्या पिवळ्या ओळी, आणि माळ्यावर उभ्या राहून बाया गोफणीनं पाखरं हाकत होत्या. आप्पांनी मला हाताला धरून चालवलं आणि त्यांच्या आयुष्याची कहाणी सांगितली. बाप दारूनं गेला. ओढ्यात पडून गेला, वीतभर पाण्यात. तेव्हा हे नऊ वर्षांचे. मंडळीत आले ते त्या शपथेसाठीच, असं ते म्हणाले. देव मागाहून भेटला.

न्हावऱ्याला एका शाळेच्या पडवीत मुक्काम केला. थंडी मरणाची. संध्याकाळी मी अजून पथारी पसरतो आहे तोच आप्पा म्हणाले, “मास्तर, औषधाची येळ झाली न्हवं?” बुधवारी सकाळीही त्यांनीच आठवण केली. त्यांचा खोकला बसला होता, गुडघे हलके झाले होते. “दौंडला गेलो की मलाबी यकांदी बाटली आणा,” असं म्हणाले. मी म्हणालो, आणतो.

शिरूर

शिरूरला जुनी माणसं अजून घोडनदी म्हणतात. गाव नदीकाठी, दौंडपेक्षा शांत; आमच्यासारखी दर तासाला इंजिनाची शिट्टी नाही, धूर नाही. मंडळीचं देऊळ दगडी आणि आवारात चिंचा; बुधवारी रात्री तिथल्याच एका खोलीत उतरलो. गुरुवारी सकाळी आम्ही डॉक्टरीणबाईंकडं गेलो.

बाई पन्नाशीच्या, कमी बोलणाऱ्या. त्यांनी मला घेरी कशी येते ते विचारलं नाही; कधी येते ते विचारलं. कुशीवर वळताना. फळ्यावर वर लिहिताना. तांब्यानं पाणी पिताना.

“आणि देवळात पडलात तेव्हा काय करत होतात?”

“प्याला पीत होतो.”

“तळाचा थेंब घ्यायला मान मागं टाकली असेल.”

मी आप्पांकडं पाहिलं. आप्पा माझ्याकडं बघत होते.

बाईंनी मला टेबलावर बसवलं, डोकं दोन्ही हातांत धरलं, उजवीकडं वळवलं आणि एकदम उताणं पाडलं, डोकं टेबलाच्या कडेखाली. छप्पर पळालं. मी ओरडलो. बाई शांतपणे माझ्या डोळ्यांत बघत राहिल्या. “या आप्पा, बघा. बुबुळं कशी उडतायत बघा. असं सोंग कुणाला करता येत नाही.” मग मला बसवून सांगितलं, की कानाच्या आत खोल तोल सांभाळणारी जागा असते, ती माझ्या उजव्या कानात बिघडली आहे. मेंदूला काही नाही, अशक्तपणा नाही. उपाय एकच: जे केल्यानं घेरी येते तेच मुद्दाम, रोज, पुन्हा पुन्हा करायचं, म्हणजे शरीर शिकतं. खाटेवर बसून उजव्या कुशीवर पडायचं, थांबेपर्यंत थांबायचं, उठायचं, डाव्या कुशीवर पडायचं. मान वर, मान खाली. भिंतीकडेनं पावलाला पाऊल लावून चालायचं. तीन महिने मी ज्याच्यापासून पळत होतो, ते सगळं.

“आणि आप्पा, त्यांना धरायचं नाही,” बाई म्हणाल्या. “धरलंत तर तोल यायचा नाही. नुसतं जवळ राहायचं.”

मी उठता उठता सहज बाटली दाखवली, हे चालू ठेवू का म्हणून. बाईंनी बूच काढलं, वास घेतला, थोडं तळहातावर ओतून पाहिलं. “कुणी दिलं? फेकून द्या. ह्यात स्पिरिट आहे, आणि चांगलं सढळ आहे. हल्ली अशी टॉनिकं पुष्कळ निघालीयत. तोल आणखी जाईल ह्यानं.”

“स्पिरिट म्हंजी?” आप्पांनी विचारलं.

“दारूच की, आप्पा. दुसरं काय?”

बाईंनी माझ्या कानाचा दाखला लिहून दिला. तो मला तारेल एवढा पुरेसा होता; बाटलीचा त्यात उल्लेख नव्हता. आम्ही बाहेर पडलो. आप्पांनी बाटली चिंचेच्या बुंध्याशी ओतली आणि धुतली. गुरुवार गेला, शुक्रवार गेला. मी खाटेवर आपटून घेत होतो, ओकत होतो, पुन्हा आपटून घेत होतो. देवळाच्या भिंतीकडेनं चालायचो तेव्हा आप्पा वीतभर अंतरावरून बरोबर चालायचे, हात मागं बांधून. जेवण मात्र त्यांचं निम्म्यावर आलं. मला त्यांच्या मनातलं कळत नव्हतं, आणि स्वतःच्या मनातलं कळत होतं ते बरं नव्हतं. आप्पा खरं बोलणारा माणूस. ते उठून सांगतील, मास्तर दोन महिने दारू पीत होते. आणि ते खोटं ठरणार नाही. पुन्हा वाटायचं, नाहीच बोलले तर? दाखला आहे, सुटलो. हा दुसरा विचार पहिल्यापेक्षा जास्त वेळा यायचा. शनिवारी उजव्या कुशीवर पडलो तर छप्पर फक्त हललं, पळालं नाही. एरवी मी नाचलो असतो.

रविवार

उपासना झाल्यावर लोक थांबले. पंच पुढं बसले. पाळकसाहेबांनी दाखला मोठ्यानं वाचला. सगळ्यांचे चेहरे निवळले. मी उठून बोलणार होतो. खरंच बोलणार होतो का, हे आजही छातीवर हात ठेवून सांगता येत नाही. त्याआधी आप्पा उभे राहिले.

“दाखला खरा हाय. म्या डोळ्यांनी बगितलं,” ते म्हणाले. “मास्तर आजारी हायेत. म्या त्यांच्यावर आळ घातला, त्याची माफी मागतो. पर अजून हाय. मास्तर जे औषध घेत व्हते त्यात दारू व्हती. त्यांना ठावं नव्हतं. मलाबी ठावं नव्हतं. पंचांनी सांगितलं व्हतं, त्ये पितील त्ये प्यायचं. म्या प्यालो, सोमवारपासनं बुधवारपातूर.”

पुढच्या बाकावरचे एक पंच घाईनं म्हणाले, “आप्पा, न कळत घेतलं त्याचं काय एवढं? बसा, बसा.”

“ऱ्हाऊ द्या. सांगू द्या.” आप्पा उभेच राहिले. “न कळत घेतलं, ह्ये खरं. पर मला आवडलं. मास्तरांनी चिडून दिलं, पयल्यांदा. मंग म्याच मागून घेतलं. दोनदा. माझा बाप कशापायी ओढ्यात पडला, ह्ये मला साठ वर्सं कळलं नव्हतं. म्या त्याला लई शिव्या दिल्या. आता कळलं. येवढंच.”

ते बसले. मग मी उभा राहिलो आणि माझ्या दोन महिन्यांचं सांगितलं, बाटली, चमचे, सगळं. दाखल्याआड लपायचा विचार केला होता तेही सांगितलं. पंचांनी आपसांत दोन-चार शब्द केले. दोघांचीही नावं वहीत राहतील, असं पाळकसाहेबांनी जाहीर केलं. आप्पांनी वर्षभर तबक फिरवायचं नाही असं स्वतःहून मागितलं. पाळकसाहेब नको नको म्हणत होते, पण ते ऐकेनात.

शेवटच्या प्रार्थनेला सगळे उभे राहिले. आम्ही प्रार्थनेला डोळे मिटतो; लहानपणापासून मी कधी उघडे ठेवले नव्हते. पण त्या दिवशी उभ्यानं डोळे मिटताच पायांखालचा दगड सरकला, म्हणून मी ते पुन्हा उघडले. सगळी मंडळी माना खाली घालून, डोळे मिटून उभी. एवढ्या माणसांत पाहणारा मी एकटा. माझ्या शेजारी आप्पा होते. त्यांचेही डोळे मिटलेले, गालांवरून पाणी वाहत होतं, ओठ हलत होते. आणि त्यांचा डावा हात माझ्या कोपराखाली, न लागता, वीतभर खाली उघडा धरलेला होता. प्रार्थना लांबली. तरी त्यांनी तो म्हातारा हात खाली घेतला नाही. ‘आमेन’पर्यंत मी पडलो नाही.